आज पिचर कोण आहे?

२०२५चा उन्हाळा मी मुलीकडे न्यूजर्सीत काढला. मुलगी आणि जावई सकाळी कामावर गेले की घरात मी आणि माझा नातू, दोघंच. तो बावीस वर्षांचा. कॉलेजला सुट्टी होती आणि एका दुकानात दुपारपासून रात्रीपर्यंत काम करायचा. सकाळी उशिरा उठून चहाचा कप घेऊन माझ्या शेजारी बसे आणि फोन उघडून पहिली गोष्ट बघे ती म्हणजे आज कुठल्या सामन्यात पिचर कोण आहे. मला वाटलं, खेळाची आवड आहे पोराला. आमच्या शाळेतली मुलं नाही का, तिमाहीच्या पेपरच्या दिवशीसुद्धा गावसकर किती रनांवर खेळतोय ते विचारायची!

मी आयुष्यभर इतिहास शिकवला. बेसबॉलशी माझा काडीचा संबंध नव्हता. पण नातवाशी बोलायला काहीतरी विषय हवाच होता, म्हणून म्हटलं, "अरे, मला पण सांग की काय बघतोस ते." त्याने सांगितलं आणि चांगलं सांगितलं. शिक्षक झाला असता तर बरा झाला असता.

क्रिकेटवाल्यांना समजेल अशा भाषेत सांगते. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघांना तीन-तीन गडी बाद होईपर्यंत फलंदाजी मिळते. चेंडू टाकणारा तो पिचर. आपल्याकडे एका टोकाने एक गोलंदाज, दुसऱ्या टोकाने दुसरा. इथे एकच माणूस उंचवट्यावर उभा राहून साठ फूट सहा इंचावरून सगळे चेंडू टाकतो, दमेपर्यंत किंवा मार खाईपर्यंत. मग त्याला काढून दुसरा आणतात. सामना सुरू करणारा तो स्टार्टिंग पिचर. दंडावर एवढा ताण येतो की एकदा टाकलं की त्याला चार-पाच दिवस विश्रांती द्यावी लागते. सामने मात्र जवळजवळ रोज असतात, हंगामात तब्बल १६२. म्हणून संघाकडे पाच स्टार्टिंग पिचर असतात आणि ते पाळीपाळीने येतात.

याचा अर्थ असा की सोमवारचा संघ आणि मंगळवारचा संघ नावाला एकच. सोमवारी पहिल्या नंबरचा पिचर असेल तर संघ वाघ, मंगळवारी पाचव्या नंबरचा असेल तर शेळी. म्हणून बेसबॉलवर पैसे लावणारा माणूस संघाचं नाव नंतर विचारतो, आधी विचारतो, आज पिचर कोण?

हो, पैसे लावणारा. हे मला दहा-बारा दिवसांनी कळलं.

नातवाने ते लपवलं नव्हतं. उलट मला कौतुकाने दाखवलं. दोन पिचर शेजारीशेजारी मांडायचे. दर नऊ इनिंगमागे कोण किती रन देतो तो आकडा, त्याला ईआरए म्हणतात. कोण किती फलंदाजांना चेंडू न लागू देता बाद करतो, कोण किती जणांना फुकट चालत पहिल्या बेसवर जाऊ देतो, गेल्या तीन सामन्यांत कसा टाकला, डावखुरा असेल तर समोर डावखुरे फलंदाज किती, मैदान लहान की मोठं. हे सगळं ताडून जिथे दोन पिचरांमधला फरक सगळ्यात मोठा दिसेल तो सामना निवडायचा आणि चांगल्या पिचरच्या संघावर वीस डॉलर लावायचे. "आजी, हा जुगार नाही, अभ्यास आहे," असं म्हणाला.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. पण ते नंतर सांगते. त्या दिवशी मी त्याला काही बोलले नाही. इतिहासाच्या माणसाची खोड, आधी कागदपत्रं बघायची. मुलीच्या गावातली लायब्ररी फार सुंदर आहे. तिथे बसून मी बेसबॉलचा इतिहास वाचायला घेतला आणि खरं सांगते, महिनाभर मला दुसरं काही सुचलं नाही.

पहिला माणूस भेटला तो हेन्री चॅडविक. हा १८२४ साली इंग्लंडमध्ये एक्झिटरला जन्मलेला, लहानपणी अमेरिकेत आलेला आणि आधी क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा पत्रकार. क्रिकेटच्या धावफलकाची त्याला सवय. त्याच धर्तीवर त्याने बेसबॉलचा तक्ता रूढ केला. कोणी किती रन केले, कोणी कुठे चूक केली, सगळं एका छोट्या चौकटीत. पिचरचं मोजमाप त्याने दिलेल्या रनांवरून करावं, आणि क्षेत्ररक्षकांच्या चुकीने गेलेले रन त्याच्या माथी मारू नयेत, हा विचारही त्याच्याचकडून आला. तो अधिकृत हिशेबात यायला मात्र १९१२-१३ साल उजाडलं, तोवर चॅडविक जाऊन चार वर्षं झाली होती. गंमत अशी की हा गृहस्थ जुगाराचा कट्टर वैरी. मैदानावर चालणाऱ्या सट्ट्याविरुद्ध त्याने आयुष्यभर लेखणी चालवली. आणि आज माझा नातू सकाळी चहाबरोबर जे आकडे बघतो, त्यांचा मूळ पुरुष तोच! त्याने हिशेब ठेवला तो खेळाडूला न्याय मिळावा म्हणून. हिशेब एकदा कागदावर आला की तो कोण कशासाठी वाचेल हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसरा माणूस जिम डेव्हलिन. हा लुईव्हिल ग्रेज नावाच्या संघाचा पिचर. त्या काळी चेंडू खांद्याखालून टाकत, त्यामुळे एकच माणूस रोज टाकू शके. १८७७च्या हंगामात लुईव्हिलच्या सगळ्या सामन्यांतली प्रत्येक इनिंग एकट्या डेव्हलिनने टाकली. अख्ख्या हंगामात दुसरा पिचर नाहीच. म्हणजे पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने संघ म्हणजे डेव्हलिन आणि डेव्हलिन म्हणजे संघ. ऑगस्टमध्ये लुईव्हिल पहिल्या क्रमांकावर होतं. मग एकाएकी हरायला लागलं आणि अजिंक्यपद बोस्टनला गेलं. क्लबला संशय आला. खेळाडूंना येणाऱ्या तारा तपासल्या गेल्या आणि जुगाऱ्यांशी असलेलं संधान उघडं पडलं. डेव्हलिनसह चौघांना जन्मभरासाठी काढून टाकलं.

त्यानंतर डेव्हलिन वर्षानुवर्षं लीगचे अध्यक्ष हल्बर्ट यांच्याकडे खेटे घालत होता. अल्बर्ट स्पॉल्डिंग या जुन्या खेळाडूने आपल्या पुस्तकात यातला एक प्रसंग लिहून ठेवला आहे. फाटक्या कपड्यांतला डेव्हलिन बायकापोरांसाठी पदर पसरतो आणि हल्बर्टच्या डोळ्यांत पाणी येतं. खिशातून पन्नास डॉलर काढून ते त्याच्या हातावर ठेवतात आणि सांगतात की हे माझ्याकडून घे, पण खेळात तुला परत घेणार नाही. डेव्हलिन पुढे फिलाडेल्फियात पोलिसात लागला आणि १८८३ साली, पस्तिशीही गाठायच्या आत, गेला. लायब्ररीत हे वाचताना मला कसंसंच झालं. एखाद्या धड्यात हल्बर्टचं वागणं बरोबर की चूक असा प्रश्न असता, तर मी मुलांना काय उत्तर लिहून दिलं असतं कोण जाणे.

तिसरी गोष्ट सगळ्यांना थोडीफार माहीत असते, १९१९ची. शिकागो व्हाइट सॉक्स आणि सिनसिनाटी रेड्स यांच्यातली वर्ल्ड सिरीज. नऊ सामन्यांत जो पाच जिंकेल तो विजेता. १ ऑक्टोबरला पहिला सामना. शिकागोचा पिचर एडी सिकॉट, त्या हंगामात २९ विजय आणि ७ पराभव, ईआरए १.८२. सिनसिनाटीचा डच रूदर, १९ विजय आणि ६ पराभव, ईआरए त्याचाही १.८२! नातवाला मी हे आकडे कागदावर नावं न लिहिता दाखवले आणि विचारलं, "कोणावर लावशील?" तो म्हणाला, "दोघं सारखेच आहेत, पण २९ जिंकलेला माणूस, शिवाय संघ भारी, मी त्याच्यावर लावीन." त्या दिवशी अमेरिकेतल्या पुष्कळ साध्या माणसांनी तसंच केलं असणार. व्हाइट सॉक्सच जिंकणार असं बहुतेकांचं मत होतं.

पण सामन्याआधी भाव हलायला लागले. सिनसिनाटीवर कुठूनतरी भराभर पैसे पडत होते. कारण आदल्या रात्री सिकॉटच्या हॉटेलातल्या खोलीत उशीखाली दहा हजार डॉलर येऊन पडले होते. खुणेची भाषा अशी ठरलेली की सिकॉटने पहिल्याच फलंदाजाला चेंडू मारायचा, म्हणजे समजायचं सौदा पक्का. त्याने दुसऱ्याच चेंडूवर मॉरी रॅथच्या पाठीत चेंडू घातला. चौथ्या इनिंगमध्ये सिनसिनाटीने पाच रन काढले आणि सिकॉटला बाहेर काढावं लागलं. शेवटी ९-१. सिनसिनाटीने सिरीज ५-३ने जिंकली. शिकागोचा दुसरा मोठा पिचर, लेफ्टी विल्यम्स, त्याने आपले तिन्ही सामने घालवले. तोही विकला गेलेला. आणि ज्याच्याकडून कोणाला फारशी अपेक्षा नव्हती तो बुटका नवखा डिकी केर प्रामाणिक राहिला आणि आपले दोन्ही सामने जिंकला.

म्हणजे बघा, त्या आठवड्यात पिचरांची तुलना करून पैसे लावणारा जितका अभ्यासू, तितका जास्त बुडाला. त्याच्या तक्त्यात सगळं होतं, फक्त उशी नव्हती.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९२० मध्ये, सिकॉटने कबुली दिली. बायकामुलांचा आणि शेताचा विचार केला असं त्याचं म्हणणं. शेतावर कर्ज होतं. ऑगस्ट १९२१ मध्ये कोर्टाने सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचे नवे कमिशनर, न्यायाधीश लँडिस, यांनी आठही जणांना कायमचं बाहेर केलं. त्यांच्यात बक वीव्हर होता, ज्याने एक पैसाही घेतला नव्हता, फक्त माहीत असून तोंड उघडलं नव्हतं. सिकॉट पुढे मिशिगनमध्ये स्ट्रॉबेरी पिकवत राहिला आणि १९६९ साली गेला.

पीट रोझची गोष्ट तर आमच्या डोळ्यांदेखतची. बेसबॉलमध्ये सगळ्यात जास्त फटके मारणारा माणूस. सिनसिनाटीचा मॅनेजर असताना सामन्यांवर पैसे लावले म्हणून १९८९ मध्ये त्याला बाहेर काढलं. पंधरा वर्षं नाही नाही म्हणत राहिला आणि २००४ मध्ये कबूल केलं. मी नेहमी माझ्या संघाच्या बाजूनेच लावले, हा त्याचा बचाव. त्याच्यावर बोट ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की ठरावीक पिचर असला की तो आपल्या संघावर लावायचं टाळत असे. आणि मॅनेजरने आज पैसे लावले नाहीत, ही बुकीला मिळालेली केवढी मोठी बातमी! २०२४ मध्ये तो गेला आणि मे २०२५ मध्ये बेसबॉलने निर्णय घेतला की मेलेल्या माणसांवरची बंदी उठवायची. सिकॉट, वीव्हर, रोझ, सगळे एकदम सुटले. मेल्यावर.

आता जरा गणित. भिऊ नका, मलाही गणित फारसं येत नाही.

फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये नुसतं कोण जिंकणार यावर नाही, तर किती फरकाने जिंकणार यावर पैसे लावतात. ही पद्धत चार्ल्स मॅकनील नावाच्या माणसाने १९४०च्या दशकात शिकागोत रूढ केली असं मानतात. आणि हा मॅकनील आधी काय होता? गणिताचा शिक्षक! आमच्या जातीचा माणूस. असो. बेसबॉलमध्ये रन थोडे होतात, म्हणून तिथे फरकावर नाही, भावावर खेळ चालतो. समजा एका संघाचा पिचर वरचढ आहे. त्याचा भाव येतो उणे १५०. म्हणजे शंभर डॉलर जिंकायचे तर दीडशे लावायचे. समोरच्याचा भाव अधिक १३०, म्हणजे शंभर लावून एकशेतीस मिळतील. दीडशे लावून शंभर मिळवणाऱ्याला नुसतं बरोबरीत सुटायचं तर शंभरात साठ वेळा जिंकावं लागतं. दुसऱ्याला साडेत्रेचाळीस वेळा. दोन्ही मिळून साडेएकशेतीन झाले, आणि जगात शंभराच्या वर टक्के नसतात. वरचे साडेतीन म्हणजे दुकानदाराची कमाई.

पिचरचं महत्त्व या धंद्याने इतकं मानलेलं आहे की लास व्हेगसमध्ये जुना रिवाज होता, पैज लावताना दोन्ही पिचरांची नावं त्यात घालायची आणि ऐनवेळी एकही बदलला तर पैज रद्द, पैसे परत. म्हणजे नातवाच्या डोक्यातला विचार त्याने शोधलेला नाही. समोरच्याने तो केव्हाच करून भावात घातलेला आहे.

मी नातवाला म्हटलं, "तू सकाळी जे वाचतोस ते दुकानदार वाचत नाही का?"

"वाचतो की."

"मग तुला जास्त काय माहीत आहे?"

तो जरा गप्प बसला.

आणि पिचर चांगला म्हणजे संघ जिंकणारच का? नातू न्यूयॉर्क मेट्सचा भक्त. त्याचा देव जेकब डीग्रॉम. २०१८ साली, नातू पंधरा वर्षांचा असताना, डीग्रॉमने स्वप्नवत हंगाम टाकला. ईआरए १.७०, वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. त्याच्या नावावर विजय किती? १० आणि पराभव ९. त्याने ३२ सामने सुरू केले, त्यातले १८ मेट्स हरले! जवळपास रोज तो समोरच्यापेक्षा सरस होता. पण पिचर रन वाचवतो, काढून देत नाही. ते काम इतरांचं. उलट उदाहरणही आहे. १९७२ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ इतका वाईट की अख्ख्या हंगामात ५९ सामने जिंकला, आणि त्यातले २७ एकट्या स्टीव्ह कार्लटनच्या नावावर. म्हणजे एक माणूस संघाला तारूही शकतो. कुठल्या वर्षी डीग्रॉम होणार आणि कुठल्या वर्षी कार्लटन, हे हंगाम संपल्यावर कळतं.

शिवाय बेसबॉलमध्ये सगळ्यात चांगला संघसुद्धा पुष्कळ हरतो. २००१ मध्ये सिअ‍ॅटलने ११६ सामने जिंकून जुन्या विक्रमाशी बरोबरी केली, तरी ४६ हरले. १९६२चे मेट्स १२० हरले, तरी ४० जिंकले. आणि २००१ मध्येच व्होरोस मॅकक्रॅकन नावाच्या एका अभ्यासकाने मांडलं की चेंडू बॅटला लागून मैदानात गेला की पुढे तो झेलात जाईल की मोकळ्या जागी पडेल, यावर पिचरचा ताबा वाटतो त्यापेक्षा खूपच कमी असतो. तेव्हा लोक हसले, पण पुढे इतरांनी तपासल्यावर बराचसा खरा निघाला. म्हणजे पिचरच्या ईआरएमध्येही नशीब मिसळलेलं आहे, आणि आपण ते त्याचा गुण म्हणून मोजतो. त्यात भर म्हणजे आता स्टार्टिंग पिचर पाच-सहा इनिंगनंतर बहुधा परततो. साय यंगने आयुष्यात ७४९ सामने शेवटपर्यंत एकट्याने टाकले होते. आज माझा नातू दोन माणसांची तुलना करतो आणि सामन्याचा शेवटचा तिसरा हिस्सा भलतेच चार जण टाकतात.

तरीही एक कबूल करायला हवं. नातवाचं म्हणणं सगळं खोटं नव्हतं. पिचरची तुलना करणं हे खरं ज्ञान आहे. आमच्या दादांकडे तेही नव्हतं.

दादा म्हणजे माझे वडील. लालबागला गिरणीत साचे चालवायचे. तेव्हा मुंबईत न्यूयॉर्क कॉटनचा आकडा चाले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचा उघडण्याचा आणि बंद होण्याचा भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत येई आणि त्यातल्या आकड्यांवर लोक पैसे लावत. अर्धी मुंबई त्यात होती, गिरणगाव तर होतंच. दादांकडे एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. त्यात ते रोजचे ओपन आणि क्लोज लिहीत. रात्री कंदिलापाशी बसून कुठला आकडा किती दिवसांनी परत आला ते मोजत. मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला बेरजा करायला बसवत. आईने काही म्हटलं की म्हणत, "अगं, हा जुगार नव्हे, अभ्यास आहे."

१९६१च्या सुमाराला न्यूयॉर्कचा तो आकडा बंद झाला. आईला वाटलं सुटलो. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत मटका सुरू केला, दोन वर्षांनी रतन खत्रींनी. आता कापूसही नाही, न्यूयॉर्कही नाही, मडक्यातून चिठ्ठी काढायची. दादांची वही तशीच पुढे चालू. एक दिवस शाळेतून आले तर मोरीतला तांब्याचा बंब नव्हता. भिंतीवर त्याचा काळा गोल डाग तेवढा राहिला होता. त्यानंतर कितीतरी वर्षं आई स्टोव्हवर पातेल्यात पाणी तापवायची. ती कधी काही बोलली नाही आणि दादाही. वडील वाईट नव्हते हो. मला शिकवलं, बी.ए. होऊ दिलं. पण तो डाग मी बारा वर्षं बघितला आहे.

हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या मुलीलासुद्धा नाही. नातवाला सांगितलं.

मग एका रविवारी आम्ही दोघांनी वही केली. फोनमध्ये त्याच्या सगळ्या पैजांची नोंद होतीच, मी ती शाईने लिहून काढली. पिचर बघून लावलेल्या ६० पैजा. त्यातल्या ३३ जिंकला होता. त्याला आनंद झाला, "बघ आजी, निम्म्याच्या वर!" खरंच होतं. मी म्हटलं, आता भाव घाल. बहुतेक वेळा भाव उणे १५०च्या आसपास. वीस लावले की जिंकल्यावर सव्वातेरा-साडेतेरा मिळतात, हरल्यावर वीस जातात. ३३ वेळचे झाले ४४०. २७ वेळचे गेले ५४०. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा बरोबर ठरून शंभर डॉलर तोटा.

"पण शंभरच ना?" मी म्हटलं.

तो खाली बघत राहिला. मग हळूहळू बाहेर आलं. हरल्यावर भरून काढायला चाळीस लावले होते, मग ऐंशी, एकदा तीनशे. शिवाय सामना चालू असताना पुढचा चेंडू कसा पडेल यावरसुद्धा. ते त्याने अभ्यासात धरलंच नव्हतं. एकूण गेले तेवीसशे डॉलर. दुकानात उभं राहून मिळवलेले आणि पुढच्या सत्राच्या फीसाठी ठेवलेले.

मी रागावले नाही. मला राग येत होता तो दुसऱ्याच गोष्टीचा. दादांना आकडा लावायला गल्लीत चोरून जावं लागे, पोलिसांची भीती असे. या पोराच्या हातात सगळं दुकान ठेवलेलं. १९९२चा केंद्राचा कायदा सुप्रीम कोर्टाने १४ मे २०१८ रोजी रद्द केला, तोही न्यूजर्सीनेच लढवलेल्या खटल्यात. पुढच्या महिन्यात शेजारच्या डेलावेअरच्या गव्हर्नरांनी कॅमेऱ्यांसमोर दहा डॉलर फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघावर लावून उद्घाटन केलं. त्याच वर्षाच्या अखेरीला ज्या बेसबॉलने रोझला आयुष्यभर दाराबाहेर ठेवलं, त्याच बेसबॉलने एका मोठ्या कॅसिनो कंपनीशी अधिकृत भागीदारी केली. कायदेशीर करायला माझा तत्त्वतः विरोध आहे असंही नाही. चोरून चालणाऱ्या धंद्याने काय होतं तेही मी पाहिलं आहे. पण पन्नास डॉलर हातावर ठेवताना हल्बर्टला रडू आलं होतं, एवढं तरी आठवावं कोणीतरी.

मी भारतात परतल्यावर, नोव्हेंबर २०२५ मध्ये, बातमी आली. क्लीव्हलँडच्या दोन पिचरांवर न्यूयॉर्कमध्ये गुन्हा दाखल झाला, आरोप असा की ठरवून काही चेंडू चुकीचे टाकले, म्हणजे त्या एकेका चेंडूवर पैसे लावणाऱ्यांना फायदा व्हावा. दोघांनीही आरोप नाकारले आहेत, खरंखोटं ठरवणं न्यायालयाचं काम. पण लगेच एका चेंडूवरच्या पैजेला दोनशे डॉलरांची मर्यादा घातली गेली. मला रॅथच्या पाठीत बसलेला तो चेंडू आठवला. तेव्हा एका चेंडूने अख्खी सिरीज विकल्याची खूण केली होती. आता चेंडूच सुटा विकायला ठेवला आहे.

नातवाने आईवडिलांना स्वतः सांगितलं, मी निघायच्या आदल्या आठवड्यात. घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोललं नाही. फीचं पुढे काय झालं ते त्यांचं ते बघतील. फोनमधून ते दुकान काढून टाकलं असं तो म्हणतो. मी विश्वास ठेवते. दादाही तीन-चारदा सोडलं म्हणाले होते, हेही विसरत नाही.

आता आमचा दोघांचा एक उद्योग आहे. हंगाम चालू असला की शनिवारी तो मला फोन करतो. मी इकडे वही उघडून बसते. तो दोन्ही पिचरांचे आकडे सांगतो, मग मी माझं नाव सांगते, तो त्याचं, आणि मी लिहून ठेवते. पैसे नाहीत. आतापर्यंत मी २० पैकी ११ बरोबर आले आहे. तो १२. तो म्हणतो, आजी, तू पिचर न बघता संघाच्या टोपीचा रंग बघून सांगतेस. असेलही.

वहीचा पुठ्ठा निळाच मिळाला दुकानात. बदलून आणावी असं मनात आलं होतं, पण म्हटलं राहू दे.